सात नंबरचा शिक्का

"या जगात भरवसा नावाचा माल आता कुठल्याच दुकानात मिळत नाही!" असे तपासनिसांनी खणखणीत आवाजात जाहीर केले. ते ऐकायला दुकानात मालक आणि एक पेंगुळलेले मांजर एवढीच जनता हजर होती, आणि खुद्द वक्ते फरशीवर पालथे पडून एका लाल जॅकचे बूड हुंगत होते.

"काका, जॅक आहे तो," मालक गल्ल्यावरून म्हणाला. "खरबूज नाही."

"तेल गळणार असेल तर आधी वास येतो, मालक. डाग मागाहून पडतो."

"मग आला वास?"

"नाही."

"झालं तर!"

"वास आला नाही म्हणजे अजून गळत नाही. एवढाच त्याचा अर्थ." तपासनीस आधी गुडघ्यांवर आले, मग फळीला धरून उभे राहिले. गाडी वर उचलायला जॅकला लागतो त्याहून या कामाला जरा जास्तच वेळ लागला. "हा सांधा बघा. वरून कसा गुळगुळीत आहे. पण आतून धरलाय की नुसता चिकटलाय, ते कोण सांगणार?"

मालकाने बाहेर येऊन जॅकच्या कुशीवरची हिरवी चकती दाखवली. "हे काय लिहिलंय? 'तपासले'. कंपनीनं पगारी माणूस बसवलाय त्यासाठी. शिक्का मारलाय त्यानं."

"शिक्का आहे म्हणूनच विचारतोय."

मालकाने कपाळावर हात मारला. तपासनिसांची या दुकानातली ही नववी फेरी होती. पहिल्या फेरीला त्यांना खुर्ची मिळाली होती, तिसरीला चहा. सातवीपासून फक्त मांजर जागेवरून हलून त्यांना वाट देत असे.

घरी गाडी दुरुस्तीला जॅक कोणता घ्यावा, या विषयावर तपासनीस कोणालाही, कधीही आणि न विचारता व्याख्यान देऊ शकत. गाडीच्या डिकीत येतो तो कात्रीचा जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता. त्याच्या जिवावर गाडीखाली शिरणाऱ्याने मागे निरवानिरव करून शिरावे. बाटलीसारखा उभा जॅक अंगाने दणकट, पण बूड अरुंद. जमीन जरा तिरपी असली की दारूड्यासारखा कलतो. राहिला चाकांचा, तेलाच्या दाबावर चालणारा, लांब दांड्याचा. घरच्या कामाला तोच घ्यावा. गाडीच्या वजनाहून जास्त पेलणारा घ्यावा, दांडा सैल केल्यावर सावकाश खाली येणारा घ्यावा. हे सगळे ठरून सात आठवडे झाले होते. फक्त घेणे तेवढे राहिले होते, कारण सासूने सुनेत काढाव्यात तशा तपासनीस प्रत्येक जॅकमध्ये खोडी काढत आणि रिकाम्या हाताने घरी येत.

घरी मुलगा वाट पाहत असे. तो बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. डेपो बंद झाला, तेव्हा वर्कशॉपची माणसे निरोपसमारंभाशिवाय घरी गेली. मग त्याच्या बायकोने मुलीला घेऊन थोडे दिवस माहेरी जायचे ठरवले. थोड्या दिवसांचा आता पाचवा महिना चालू होता. घरच्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायच्या, काम सुरू झाले की दोघींना परत आणायचे, असा मुलाचा बेत होता. पाने होते, पक्कड होती, जागा होती. "जॅक मात्र मी आणणार," असे तपासनिसांनी बजावले होते. "त्यातलं मला कळतं."

कळत होते यात शंका नाही. जॅकच्या कारखान्यात एकतीस वर्षे माल तपासण्याचेच काम त्यांनी केले होते.

"आणला?" त्या दिवशी दारातच बायकोने विचारले.

"सांधा संशयास्पद होता."

"अहो, मला होकार द्यायला तुम्हाला अर्धा तास पुरला. मला काय पालथं करून बघितलं होतंत?"

"तू चुकली असतीस तर कोणाच्या छातीवर पडणार नव्हतीस."

"ते अजून ठरायचंय," बायको म्हणाली आणि आत वळली. "जा गॅरेजमध्ये. पोरगा कधीचा तुमच्यासाठी थांबलाय. आज हसतोय बरं का, उगाच काही बोलून विरजण घालू नका."

गॅरेजमध्ये शाळामास्तरांची गाडी उभी होती. सायलेन्सर लोंबत होता. याआधीची दोन गिऱ्हाइके जॅकची वाट पाहून दोन गल्ल्या पलीकडच्या नव्या गॅरेजात गेली होती. मास्तर तेवढे टिकले होते, कारण मास्तरांना कशाचीच घाई नसे. आणि गाडीच्या पुढे, जमिनीवर, एक जुना निळा जॅक बसला होता. रंगाचे पोपडे गेलेले, चाकांना ग्रीस नुकतेच लावलेले.

"डेपोचं भंगार विकायला काढलं होतं," मुलगा म्हणाला. "बघा ना, कोणता उचलून आणलाय ते! दहा-बारा होते तिथं. मी चिंधीनं एकेक पुसून बघत होतो. म्हटलं, बाबांचा सापडला तर तोच घ्यायचा."

त्याने दांडा वळवून जॅकची कूस उजेडात आणली. पत्र्यात ठोकलेला गोल शिक्का. मध्ये 'तपासले'. खाली सातचा आकडा. त्याच्याही खाली महिना आणि साल.

"आता तरी भरवसा आहे ना?" मुलगा म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा नाही, साक्षात सात नंबरचा माल आहे!"

कारखान्यात तपासनिसांना नावाने कोणी ओळखत नसे. सात नंबर, एवढेच. मुलगा लहान असताना त्यांच्याबरोबर एकदा कारखाना बघायला गेला होता आणि घरी येऊन आठवडाभर भिंतीवर, वहीवर, आईच्या पांढऱ्या चादरीवर सात काढत बसला होता. मार खाल्ला, पण सात थांबले नाहीत.

तपासनिसांनी चष्मा पुसला आणि महिना वाचला. मग साल वाचले. मग पुन्हा महिना.

सुरुवातीची अकरा वर्षे सात नंबरने खरोखरच प्रत्येक जॅक तपासला होता. भाराखाली दहा मिनिटे ठेवायचा, पट्टीने उंची मोजायची. दट्ट्या केसभर खाली सरकला तर जॅक परत. मग नवे व्यवस्थापक आले आणि विसातून एक तपासला तरी पुरे, असे ठरले. सात नंबरने मान डोलावली. मग एका महिनाअखेरीस भार मोजायचे यंत्रच बिघडले आणि दुरुस्तीला गेले. गोदामात साडेसहाशे जॅक तसेच पडून होते. "यंत्र आल्यावर बघू," असे सात नंबर म्हणाला, तर व्यवस्थापक हसत हसत म्हणाले, "यंत्र गेलंय दुरुस्तीला. शिक्का तर नाही ना गेलाय?"

शिक्का होता. चार दिवस सात नंबर ठोकत राहिला. हात दुखला म्हणून त्याला ओव्हरटाइमही मिळाला.

दीड वर्षाने चौकशी लागली. कुठल्याशा गावात गाडी उचललेली असताना जॅक खाली बसला होता आणि गाडीखाली माणूस होता. दोन मुलींचा बाप. फोटोत जॅकची कूस दिसत होती. इतका स्वच्छ उठलेला शिक्का सात नंबरने आयुष्यात दुसरा मारला नसेल. समितीने तीन बैठका घेतल्या, बिस्किटे खाल्ली आणि वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा असा निकाल दिला, कारण मृताने गाडीला खालून लोखंडी घोड्यांचा, म्हणजे पक्क्या टेकूंचा, आधार दिलेला नव्हता. सात नंबरला कोणी काही विचारले नाही. विचारले असते तर काय सांगायचे, ते त्याने पाठ करून ठेवले होते. ते तसेच पाठ राहिले. निवृत्तीच्या दिवशी व्यवस्थापक भाषणात म्हणाले, "आमच्या सात नंबरवर कंपनी डोळे मिटून विश्वास टाकत आली." हे अक्षरशः खरे होते.

जॅकवरचा महिना तोच होता. पण त्या महिन्यात कारखान्यातून साडेसहाशेच नव्हे, तीन हजार जॅक बाहेर पडले होते. हा त्या साडेसहाशेंतला की बाकीच्यांतला, ते सांगणारे कागद कारखान्याबरोबरच नाहीसे झाले होते.

"काय झालं?" मुलाने विचारले. "बोला की काहीतरी."

"उद्याचा दिवस मला दे."

"बाबा!"

"एक दिवस फक्त. तपासतो."

"तुम्ही तपासलेला जॅक तुम्ही तपासणार?" मुलगा हसला. "आई बरोबर म्हणते. तुम्हाला स्वर्गात नेलं तरी तुम्ही दाराच्या बिजागऱ्या बघत बसाल."

"स्वर्गाचं नंतर बघू. घोड्या आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने जॅकवर गाडीचे नाक उचलले. दोन लोखंडी घोड्या बोटभर अंतर सोडून खाली ठेवल्या. तपासनीस स्टूल घेऊन शेजारी बसले. हातात स्टीलची पट्टी, मांडीवर जुनी वही. दर दहा मिनिटांनी वाकायचे, पट्टी लावायची, आकडा लिहायचा. अकरा वाजता बायकोने चहा आणून दिला आणि नवऱ्याकडे, जॅककडे, पुन्हा नवऱ्याकडे बघत म्हणाली, "दोघांपैकी कोण आधी बसतंय ते बघायचंय का?"

"दहा मिनिटं झाली. सरक, पट्टी लावू दे."

जेवण त्यांनी तिथेच केले. दुपारी वहीचे पान संपले, दुसरे लागले. सगळीकडे एकच आकडा. जॅक केसभर खाली सरकला नव्हता. वास नाही, डाग नाही. कारखान्यात दहा मिनिटांत पास झाला असता असा जॅक सात तास उभा होता, आणि तपासनिसांच्या मनाला मात्र तिळभर हलके वाटत नव्हते. तो दुसरा जॅकही दीड वर्ष असाच उभा राहिला असणार.

चारच्या सुमारास घरात फोन वाजला. मुलगा आत गेला. बराच वेळ त्याचे "हं", "बरं", "हो, चांगली शाळा आहे ती" एवढेच ऐकू येत राहिले. परत आला तेव्हा हात पुसत होता. हात कोरडेच होते.

"सूनबाई काय म्हणते?" तपासनिसांनी विचारले.

"पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं."

"या वर्षापुरतं?"

"मी विचारलं नाही." त्याने चिंधी खांद्यावर टाकली. "झालं का तुमचं? मास्तरांची गाडी तरी देऊन टाकू."

"काम वाढलं की येतील रे त्या."

"कुठलं काम, बाबा? मास्तरांनंतर कोणी नाहीये. गेल्या आठवड्यात समोरचे शेजारीसुद्धा त्या नव्या गॅरेजात गेले. माझ्यासमोरून गेले. हात केला त्यांनी." तो खाली बसला. "उतरला का आकडा?"

"नाही. पास आहे," तपासनीस म्हणाले. सवयीने त्यांचा उजवा हात थोडा वर उचलला गेला. मग शिक्का नाही हे लक्षात येऊन खाली आला.

मुलाने दांडा अलगद सैल केला. गाडी बोटभर खाली आली आणि घोड्यांवर टेकली. त्याने दोन्ही हातांनी तिला गदगदा हलवून पाहिले, जमिनीवर पोते पसरले आणि पाठीवर सरपटत आत गेला. बाहेर त्याचे पाय तेवढे राहिले. एका मोज्याला भोक होते.

"सात आठवडे उगाच घालवलेत तुम्ही," आतून आवाज आला. रागाने नाही, थकल्यासारखा. "जॅक कसलाही चालला असता. डेपोत पहिल्या दिवशी शिकवतात, जॅक उचलायला असतो, झोपायला घोड्या. नुसता शिक्का बघून गाडीखाली जाणारा माणूस मूर्खच."

तपासनीस स्टुलावरून उठले. गाडीजवळ गेले. बॉनेटवर हात टेकून उभे राहिले.

"तो मूर्ख नव्हता," ते म्हणाले.

"कोण?"

"एक होता. दोन मुली होत्या त्याला. त्यानं शिक्का वाचला होता." पाठ केलेले शब्द आठवेनात. मग जे आले ते बोलले. "माझा शिक्का होता. यंत्र बिघडलं होतं तेव्हा. साडेसहाशे जॅक न तपासता मी पास केले, चार दिवसांत. त्यातला एक त्याच्यावर आला. हासुद्धा त्याच महिन्यातला आहे. त्यातलाच आहे का, ते मला माहीत नाही. तुझ्या आईला माहीत नाही. कोणालाच सांगितलं नाही मी."

आत पान्याचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला, ते तपासनिसांच्या लक्षात आले नव्हते. मोज्याच्या भोकातला अंगठा हलत नव्हता. कुठेतरी सायलेन्सरचा गंज भुरभुर पोत्यावर पडल्याचा आवाज झाला. तपासनीस वाट पाहत राहिले. कशाची ते त्यांना सांगता आले नसते. शिवी चालली असती. प्रश्न चालला असता. मुलगा बाहेर आला असता आणि नुसता बघत राहिला असता, तरी चालले असते.

मुलगा आत एकदा खाकरला.

"बाबा," तो म्हणाला, "जरा बाजूला सरका ना. उजेड अडतोय."