एकाच आवाजाचे दोन उमेदवार

फलकचं एम.एस्सी. झालं, घरोघरी पेढे वाटून झाले, आणि सवलतीचा काळ संपताच बँकेनं शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता कापून घेतला. तोवर ती अमरावतीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली होती. सकाळपासून चारपर्यंत लोकांचं रक्त काढायचं काम. पगारातून हप्ता गेला, खोलीचं भाडं गेलं, डब्याचे पैसे गेले की उरेल त्यात एखादी चप्पल तुटली तरी विचार करावा लागे.

दर्यापूरला तिच्या अब्बांचं, अय्युबभाईंचं, गाद्या-रजयांचं दुकान होतं. कर्जाच्या कागदावर त्यांचीही सही होती. ते फोनवर विचारायचे, "भागते ना बेटा?" ती म्हणायची, "भागते." एवढ्यावर तो विषय मिटायचा.

भागत नव्हतं. म्हणून तिनं संध्याकाळी दोन मुलांची शिकवणी धरली. मुलांच्या आईनं पहिल्या महिन्यात पैसे दिले, दुसऱ्या महिन्यात "पुढच्या महिन्यात एकदमच देते" म्हणाली आणि दिवाळीला डबाभर चिवडा दिला. चिवडा चांगला होता. मग मोबाइलवर घरबसल्या टायपिंगचं काम सापडलं. त्या माणसानं आधी अनामत भरायला सांगितली. फलकनं तो नंबरच बंद करून टाकला.

अशात एका सकाळी अंकुर काळबांडे नावाचा जाडगेला माणूस उपाशीपोटी साखर तपासायला लॅबमध्ये आला.

"उजवी बाही वर करा. मूठ घट्ट आवळा," फलक नेहमीसारखं म्हणाली. "आता सावकाश सैल सोडा. घाबरू नका."

"अजून एकदा म्हणा बरं," अंकुर म्हणाला. सुई अजून त्याच्या शिरेतच होती.

"काय?"

"घाबरू नका. थे."

अंकुरचा स्टुडिओ होता. रिक्षावर भोंगा लावून गावोगाव ज्या जाहिराती फिरतात, त्या तो रेकॉर्ड करून द्यायचा. त्याच्याकडे आधी आवाज देणारी मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती आणि तेव्हापासून तो स्वतःच बाईचा आवाज काढत होता. साड्यांच्या दुकानदारानं त्यावर हरकत घेतली होती.

फलक संध्याकाळी जाऊन स्टुडिओ पाहून आली. मोबाइलच्या दुकानामागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिनं एक गादी दाबून पाहिली आणि म्हणाली, "कापूस बसला हाये तुमचा. पिंजून घ्या." मग माइकसमोर उभी राहिली आणि 'भव्य सेल' एका दमात वाचून दाखवला.

घरी ती वऱ्हाडीच बोलायची. पण शाळेत एक बाई होत्या, त्या 'मले' म्हटलं की बाकावर उभं करायच्या. त्या भीतीनं फलकची पुस्तकी मराठी अशी काही लख्ख झाली होती की माइकवर ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईनं जन्मात कधी तर्रीपोहे खाल्ले नसतील. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती जाऊ लागली. गॅसची शेगडी दुरुस्ती, दातांचा दवाखाना, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, एकदा हरवलेली म्हैस. म्हशीचं वर्णन तिनं इतक्या मायेनं वाचलं की तीन जणांनी तीन वेगवेगळ्या म्हशी आणून बांधल्या, असं अंकुर सांगायचा. त्याचं सगळंच खरं धरायचं नसतं. पण हप्ता निघू लागला, आणि महिनाअखेरीस थोडं शिल्लकही पडू लागलं.

एका रविवारी ती घरी गेली असताना दारावरून शेगडीवाल्याची रिक्षा गेली. तिची अम्मी, खुर्शीदबी, भाकरी थापता थापता थांबली.

"पुण्याची असन ही बाई," ती म्हणाली. "पाह्य कशी बोलते. तुमी पोरी नुसत्या शिकता."

फलकनं तव्यावरची भाकरी उलटली. तो आवाज आपलाच आहे हे सांगितलं असतं तर अब्बांनी विचारलं असतं, भागते म्हणत होती ना? मग दुकानातलं दोन पैशाचं भांडवल काढून त्यांनी बँकेत नेऊन भरलं असतं. ते तिला नको होतं.

पुढे नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि अंकुरच्या स्टुडिओत पाय ठेवायला जागा उरली नाही. दर्यापूरच्या एका वार्डातून बंडूभाऊ उभे होते. गेली पाच वर्षं तेच नगरसेवक होते. त्यांच्या जाहिरातीत फलकनं वाचलं, 'घराघरात नळ आला, नळाला पाणी आलं! हे कुणी केलं? बंडूभाऊंनी केलं!' दोन दिवसांनी अंकुरनं दुसरा कागद पुढे केला. उमेदवार सत्यवतीताई. 'पाच वर्षं झाली. सांगा, तुमच्या घरी नळ आला का? नळाला पाणी आलं का?'

"हे एकाच वार्डातले हायेत," फलक म्हणाली.

"मंग?"

"आमचाच वार्ड हाये थो."

"साड्यांच्या दोन दुकानांची केली ना तुमी?" अंकुर म्हणाला. "दोघंही म्हनत होते, आमच्यापेक्षा स्वस्त कोठीच नाही. तवा नाही बोलल्या काही."

फलकनं कागद हातात घेतला. दुसऱ्या कुणाचा आवाज मिळेपर्यंत निवडणूक संपली असती, आणि हप्ता पाच तारखेला होता. तिनं वाचलं. दोन्ही उमेदवारांकडून अर्धे पैसे आधी मिळाले, अर्धे मतदानानंतर द्यायचं ठरलं.

मतदानाच्या आधीच्या रविवारी ती दर्यापूरला होती. दुपारी अब्बांचा डबा घेऊन दुकानात गेली. दुकान अरुंद गल्लीत, समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला मागे जावंच लागतं. डबा उघडतच होती, तेवढ्यात गल्लीच्या एका तोंडानं बंडूभाऊंची रिक्षा आली आणि दुसऱ्या तोंडानं सत्यवतीताईंची. दोघी दुकानासमोर नाकाला नाक लावून थांबल्या. दोन्ही चालकांनी हात बांधले. भोंगे चालूच राहिले.

"सांगा, तुमच्या घरी नळ आला का?" एका भोंग्यानं विचारलं.

"घराघरात नळ आला!" दुसरा भोंगा म्हणाला.

"नळाला पाणी आलं का?"

"नळाला पाणी आलं!"

समोर राहणाऱ्या दुर्गाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "ही बाई सोताच इचारते आन् सोताच सांगून राहिली," त्या म्हणाल्या.

लोक जमले. पहिल्यांदा हसले. मग बंडूभाऊंचा चालक म्हणाला, यांनी आमची बाई फोडली. सत्यवतीताईंचा चालक म्हणाला, बाई आमचीच, फोडली तुम्ही. कुणीतरी कुणाची तरी कॉलर धरली. मागून ढकलाढकली सुरू झाली आणि एक म्हातारा अब्बांच्या कापसाच्या ढिगात जाऊन पडला. त्याला लागलं नाही, पण त्याला उठताही येईना.

लॅबमध्ये गर्दी झाली की फलक जे करायची तेच तिनं केलं. विचार न करता ती दुकानाच्या ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "कृपया गर्दी करू नका. मागचे लोक मागे व्हा. रिक्षा मागे घ्या. घाबरू नका."

गल्ली गप्प झाली. कॉलर धरणाऱ्यानंही कॉलर सोडली. दोन्ही भोंगे मात्र बोलतच होते, आणि मधोमध ओट्यावर तिसरी तीच.

"अवो," दुर्गाबाई म्हणाल्या, "हे तं अय्युबभाईची फलक."

अब्बांनी दाभण गादीत खोचून ठेवला आणि म्हाताऱ्याला उठवायला गेले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पंधरा मिनिटांत दोन्ही उमेदवार हजर झाले. बंडूभाऊ आधी बोलले. "बाई, एक सांगा फक्त. तुमी कोनाच्या?"

"मी लॅबमध्ये काम करते," फलक म्हणाली.

"तसं नाही. तुमचं मत कोनाले?"

"माझं मत अमरावतीत हाये."

सत्यवतीताईंनी तिला नीट खालीवर पाहून घेतलं. "पोरी, इमानदारीनं सांग. नळ आला का नाही?"

"आमच्याकडे आला," फलक म्हणाली. "पाणी एक दिवसाआड येते."

हे दोघांनाही धड सोयीचं नव्हतं. बाकीचे पैसे विसरा, असं दोघंही म्हणाले. त्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. मग रिक्षा मागे गेल्या आणि लोक जेवायला गेले.

दुकानात बापलेक दोघंच उरले. अब्बांनी डबा पुढे ओढला आणि भाकरी मोडली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सात-आठ महिने झाले."

"भागत नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी दुकानातले पैसे काढले असते."

अब्बांनी ते नाकारलं नाही. पाणी प्यायले. "काम वाईट हाये काय?"

"नाही. मले आवडते थे काम," फलक म्हणाली. हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होती. तिला स्वतःलाच थोडं नवल वाटलं.

"आवडते तं तोंड पाडून काहून बसली?"

मग ते उठले, टोपी घातली आणि निघून गेले. कुठे, ते सांगितलं नाही. नंतर दुर्गाबाईंकडून कळलं की ते सरळ बंडूभाऊंच्या प्रचार कार्यालयात जाऊन बसले होते. बसले म्हणजे नुसते बसले. चहा आला तो घेतला, दुसरा आला तोही घेतला. मतं मागायला आलेल्या, द्यायला आलेल्या प्रत्येकाला ते शांतपणे सांगत होते, "माह्या पोरीनं काम केलं. मजुरी राहिली हाये. भाऊ देनारच हायेत." बंडूभाऊंनी तासाभरात पैसे दिले. सत्यवतीताईंना ते दारात दिसले तेव्हाच त्यांनी पाकीट आणवलं.

संध्याकाळी अब्बा तिला सोडायला स्टँडवर आले. पैसे तिच्या हातात ठेवले. त्यातले निम्मे तिनं परत करू पाहिले, तर त्यांनी हात मागे घेतला.

"पुढच्या महिन्यापासून हप्त्यात चौथा हिस्सा माहा," ते म्हणाले. "सही माही पन हाये त्याच्यावर. तू एकटीनं नव्हतं घेतलं."

"चौथा जास्त होते. पाचवा."

"पाचवा," अब्बांनी मान्य केलं. "आन् पुढं पूरे पैसे पहिले घ्याचे. मी गादी भराच्या आंधी घेतो."

बस आली. फलकला खिडकीची जागा मिळाली. सोमवारी संध्याकाळी एका चष्म्याच्या दुकानाची जाहिरात होती. अंकुरनं मजकूर मोबाइलवर पाठवला होता आणि त्यात 'दृष्टी' चुकीचं लिहिलं होतं. ती ओठांतल्या ओठांत वाचू लागली. शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, "काय वाचून राहिली व माय?"

फलकनं मग तिला सगळी जाहिरात नीट वाचून दाखवली. बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि फ्रेम केवढ्याला पडेल, ते विचारलं.