धुराच्या माथी

अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या त्या माणसाला जिना चढताना धाप लागायची, आणि धाप लागली की तो दाजींच्या नावाने खडे फोडायचा. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, शिवाय नोकरीत त्याचे साहेब. रंगाच्या गोदामाला आग लागली तेव्हा मास्क कमी पडले आणि दाजींनी त्याला तसंच आत पाठवलं. याने आतल्या दोघांना ओढून बाहेर काढलं. तेव्हापासून आपली फुप्फुसं कामातून गेली, असं त्याने मनाशी पक्कं धरलं. दाजी माफी मागायला आले तर त्यांना उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. पुढे ताईशीही बोलणं टाकलं. दाजी वारले तेव्हाही हा फिरकला नाही.

तपासणीला तो कधी गेला नव्हता. धुराने छाती जळली हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, असं त्याचं म्हणणं. शेवटी बायकोने अबोला धरला, तेव्हा कुठे तो हलला.

इस्पितळात त्याला जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवलं, छातीला वायरी चिकटवल्या, तोंडावर मास्क बांधला. हा तेव्हा मिळाला असता तर, असं तो मास्कमधूनच बायकोला म्हणाला. नर्स पायडल जड करत गेली. थोड्याच वेळात पाय शिशाचे झाले, श्वास भात्यासारखा चालू लागला आणि त्याने हात वर केला.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या रेघा नीट पाहिल्या.

"काका, मेहनत करताना पायांना जास्त प्राणवायू लागतो. फुप्फुसं तो आत घेऊन रक्तात सोडतात आणि हृदय ते रक्त पायांपर्यंत पोचवतं. म्हणून श्वास वाढला की ठोकेही वाढायला हवेत. तुमची फुप्फुसं ठणठणीत आहेत. ठोकेच वाढत नाहीत. रक्त पुरं पडत नाही, म्हणून तुम्ही धापा टाकता."

"आणि धूर?"

धुराची एकही खूण नव्हती. तेव्हा खोकला झाला असेल, तो बरा झाला, असं त्या म्हणाल्या. ठोके न वाढणं वयाबरोबर होतं. पेसमेकर बसवला की बराच फरक पडेल. बायकोने देवाचे आभार मानले. याला मात्र कुणीतरी घरात शिरून सगळं धुऊन नेल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तो बायकोला घेऊन ताईकडे गेला. तिसरा मजला. दार उघडलं तेव्हा तो धापा टाकत होता. ताई बस म्हणाली नाही. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत नुसती बघत राहिली. मग त्याने चाचरत सगळं सांगितलं.

ताईने पदराने चष्मा पुसला.

"ते शेवटपर्यंत विचारायचे, त्याची छाती कशी आहे म्हणून. मी काय सांगणार होते? तू साफ निघालास, बरं झालं. पण हे मला ऐकवू नकोस. मी काही तुला आत पाठवलं नव्हतं."

तिने दोघांना पाणी दिलं. त्याच्या बायकोला ऑपरेशन कधी ते विचारलं आणि दिवा लावायला आत गेली, ती बाहेर आलीच नाही. दोघं उठून निघाले.

पुढच्या महिन्यात पेसमेकर बसला. ताईने त्याच्या बायकोला फोन करून चौकशी केली. फोन त्याच्याकडे दे, असं ती म्हणाली नाही. तो शेजारच्या खाटेवर ऐकत पडला होता.