परक्या रानात खत

"ताईच्या लिंबांना फुलं आलीत," बायको म्हणाली आणि हातातला घास मी परत ताटात ठेवला.

साडूचं आणि माझं रान बांधाला बांध लागून. त्याचं रान त्याच्या नावावर, म्हणून त्यानं विहीर काढली, लिंबं लावली. मी करतो ते मालकाचं, निम्म्या वाट्यानं. मालक दर हंगामाला म्हणतो, "यंदा कर." आता यंदापुरत्या रानात झाड कोण लावणार? हे सगळं मला कळतं, तरी ती लिंबं दिसली की पोटात आग पडते. एखादं वाळलं तर बरं, असंही मनात येतं. खोटं कशाला बोलू?

"तुम्ही नुसते जळत बसा," बायको म्हणाली.

मला झोंबलं. उकिरड्यातलं सगळं कुजलेलं शेणखत मी रानात ओढलं. परक्या रानात खत टाकू नये, त्याचा गुण दोन-तीन वर्षं टिकतो, असं बाप सांगायचा. पण मला साडूचं नाक खाली करायचं होतं.

मका असा आला की कणसांनी ताटं वाकली. मी मुद्दाम हाक मारली, "या साडूभाऊ, बघा तरी गरिबाचा मका!"

तो आला. त्याचं उतरलेलं तोंड बघून मला काय गार वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात मालक आला. त्यानं मूठभर माती उचलून चुरली.

"रान सुधारलंस रे. पुढच्या हंगामापासून मीच करतो आता." आणि तो गेला.

आयत्या बिळात नागोबा! आणि हे ऐकायला साडूला मीच बोलावलेलं. तो हसला असता तरी चाललं असतं.

"माझा खालचा तुकडा पडून आहे," साडू म्हणाला. "तू कर वाट्यानं. झाडंसुद्धा लाव."

आता मी ह्याचा वाटेकरी! तरी म्हणालो, "करतो. पण किती वर्षं, ते लिहून द्या."

साडूनं जरा वेळ आपल्या लिंबांकडं बघितलं.

"अरे, आपल्याच माणसांत कसलं आलंय लिहिणं?"

बांधावरून सगळं ऐकणाऱ्या बायकोनं पदर खोचला आणि विळा माझ्या हातात दिला.

"कणसं मोडा आणि ताटं बुडापासून कापा," ती म्हणाली. "मालकाच्या मातीला पाचोळासुद्धा ठेवायचा नाही."