दर्यावरची तहान

डोमा ढिवराला नदीबद्दल कोणी दोन शब्द शिकवायला गेलं की त्याचं माथं भडकायचं. ठेकेदाराचे बांबू एकत्र बांधून केलेले ताफे गोदावरीतून तरंगवत सिरोंच्याहून थेट राजमहेंद्रीला पोचवणारा माणूस तो. त्याची घमेंड अगदीच फुकटची नव्हती. पंचावन्न साली दिवाळीनंतर त्याची बायको मनकर्णाही ताफ्यावर चढली. तोंडाने म्हणाली स्वयंपाक करीन, पण खरं तिला दर्या पाहायचा होता. घाटावरच्या बायका म्हणाल्या, निघाली बाई जगाला वळसा घालायला.

राजमहेंद्रीला बांबू उतरवून दोघं गोदावरीच्या मुखाजवळच्या एका गावी गेली. तिथल्या म्हाताऱ्या कोळ्याकडून डोमाने लहान होडी मागून घेतली. म्हातारा तेलुगूत म्हणाला, प्यायचं पाणी बरोबर घे आणि समुद्र ओसरायला लागायच्या आत परत फिर. डोमाला तेलुगू चांगलं कळे, पण ऐकायचं नसलं की कळत नसे. नदीवरच जन्म काढणाऱ्या ढिवराच्या नावेत पाण्याचं मडकं कधी नसतंच. तहान लागली की वाकायचं आणि ओंजळ भरायची. मडकं घेऊन चढणाऱ्याला सगळा घाट हसतो.

"मले काऊन नदी शिकवून राह्यला हा?" म्हणत त्याने होडी लोटली.

दर्या दिसला तशी मनकर्णा हरखली. पाण्याला पलीकडचा काठच नाही, हे काही तिला पटेना. तिचं पाहून झालं तेव्हा डोमाने होडी वळवली, तर होडी मागे येईना. सगळं पाणी समुद्राकडे धावत सुटलं होतं. वल्हं मारून मारून त्याचे हात सोलले, बांबू टाकला तर तळ लागेना. ऊन चढलं. काठ बारीक होत गेला. मनकर्णाने सवयीने ओंजळ भरली आणि लगेच थुंकली.

"खारं आहे जी. पेववत नाई."

दुपार टळेपर्यंत तिचे ओठ फुटले, जीभ टाळ्याला चिकटायला लागली. डोमाने वल्हं खाली ठेवलं. "नदी कदी मांगं फिरत नाई, मनकर्णे. मी तुले मारलो."

पदर भिजवून तिने त्याच्या डोक्यावर टाकला आणि त्याला टेकून बसली. भांडण तिने जगलो तर करू म्हणून ठेवून दिलं.

मग होडी थबकली, आणि हळूहळू काठाकडे सरकू लागली. डोमाला वाटलं, आपल्याला भोवळ आली. पण पाणी खरंच फिरलं होतं. समुद्र नदीला उलटा वर ढकलत होता. म्हाताऱ्या कोळ्याला हे रोजचंच होतं. डोमाने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने सोललेल्या हातांनी वल्हं उचललं.

होडी मुखात शिरली. मनकर्णा थोड्या थोड्या वेळाने ओंजळ भरायची, चाखायची आणि थुंकायची. डोमा वल्हं मारता मारता दर वेळी तिच्या तोंडाकडे बघायचा. लांबवर गावाची झाडं दिसू लागली तेव्हा तिने पुन्हा ओंजळ भरली, आणि या वेळी थुंकली नाही. घोट तिच्या गळ्याखाली उतरताना त्याने पाहिला.

"गोड आहे," ती म्हणाली.

तिने दुसरी ओंजळ त्याच्या तोंडाशी धरली. पण डोमाला पिता येईना. तो हुंदके देऊन रडत होता, पाणी बोटांतून गळत होतं, आणि मनकर्णा त्याला दटावत होती, "अवो, आधी पेवा. मंग रडा."