माझ्या पाठीवर रंगवलेले नाव

मित्रांनो, जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपले वय सांगतात. माझे वय पाच वर्षे. हसू नका. आमच्यात पाच वर्षांचा म्हणजे पिकले पानच. मी एक घरगुती संगणक आहे. शंभरपानी वहीएवढा लांबरुंद, अंगाने काळा, वर रबरी बटणे. मला स्वतःचा पडदा नाही, टीव्हीच्या मागे माझी तार जोडायची. पाठांतराच्या नावाने मी शून्य. बंद केले की सगळे विसरतो, म्हणून मला शिकवलेले कॅसेटवर भरून ठेवावे लागते.

माझ्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने एक नाव रंगवलेले आहे. ते नाव ज्यांचे आहे त्यांनी मला कधी पाहिले नाही. मी तयार व्हायच्या आठ वर्षे आधीच ते वारले होते. हे कसे घडले ते ऐका, आणि मध्येच टाळ्या वाजवू नका.

मी परदेशातल्या एका कारखान्यात तयार झालो आणि बहरीनच्या एका दुकानात येऊन पडलो. तिथे कमळाकर आला. कर्जत तालुक्यातल्या कळंबचा हा माणूस तिकडे वेल्डर होता. आला होता आईसाठी भिंतीवरचे घड्याळ घ्यायला. दुकानदाराने मला चालू करून दाखवले आणि कमळाकरला आपली धाकटी बहीण आठवली. यशोधरा बारावीला गणितात पहिली आली होती आणि घरी बसली होती. घड्याळ राहिले. मी, एक छोटा टीव्ही आणि एक टेप अशी आमची वरात नेरळ स्टेशनावर उतरली आणि टेंपोत बसून कळंबला गेली. ही चौऱ्याऐंशीच्या दिवाळीतली गोष्ट.

टीव्हीचे वस्तीत फार कौतुक झाले. माझ्याकडे बघून एक म्हातारी म्हणाली, "टायपिंगचं मशीन हाय, पण कागद कुठं घालायचा रं याच्यात?" यशोधरेने मात्र माझ्याबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन तीन आठवडे वाचले. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एका पाटावर ती मला घेऊन बसायची. आज्ञा चुकली की मी ती ताडकन परत करायचो. ती कधी चिडली नाही. "तुझं खरं हाय," म्हणायची आणि पुन्हा लिहायची. माझ्या आयुष्यात मला खरे म्हणणारी ती पहिली. दुसरी कुणी भेटली नाही.

मग पावसाळा आला. कर्जतकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. चपलांना बुरशी येते, काड्यापेटी पेटत नाही, कौले गळतात. यशोधरेची आई पारूबाई, तिच्यापाशी या सगळ्यावर एकच उपाय होता. जे भिजता कामा नये ते कणगीत, भातात पुरून ठेवायचे. मुलीची गुणपत्रिका तिथे, मुलाची पत्रे तिथे, गेलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो तिथे. एक दिवस यशोधरा नेरळला गेली असताना पारूबाईने मला जुन्या लुगड्यात गुंडाळले, वर निरगुडीचा पाला ठेवला आणि भातात खोल पुरले. यशोधरा परत आल्यावर जरा कुरकुरली.

"भातात ठेवलेलं कधी सडत नाय गं," पारूबाई म्हणाली. "तुझ्या बापाचा फोटो बारा वर्सं हाय तसा हाय."

मी चार महिने भातात राहिलो. चूक होती, पण ती मायेची होती. पुढे मी मायेशिवायच्या चुका पाहिल्या, म्हणून हा फरक मला कळतो. इकडे यशोधरा अंगणात एक डबा मांडून रोज सकाळी त्यातला पाऊस पट्टीने मोजत होती आणि वहीत लिहीत होती. पावसाळा सरला की ते सगळे आकडे माझ्याकडून पडद्यावर चितारून घ्यायचे, असा तिचा बेत होता.

दसऱ्यानंतर तालुक्यातल्या एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक श्रीपत सर घरी आले. शाळेचे नाव सांगत नाही. कुणा साहेबांनी भाषणात संगणकाचे नाव काढल्यापासून त्या शाळेच्या समितीला संगणकाचा वर्ग हवा झाला होता. शाळेत संगणक नव्हता आणि तो कुठल्या अंगाने सुरू करतात हेही कुणाला माहीत नव्हते.

सर म्हणाले, "यशोधरा, सोमवारी दुपारी समितीपुढे तुझे मशीन चालवून दाखव. शिकवायची जागा तुला मिळेल. मी शब्द टाकतो."

सर गेल्यावर पारूबाईने कणगीतून नवऱ्याचा फोटो काढला आणि पदराने पुसला. तिचा नवरा त्याच शाळेत दोन इयत्ता शिकला होता, पण व्हरांड्यात बसून. आत बसू देत नसत. पावसाची झड आली की पाटी पोटाशी धरायचा. आता त्याची मुलगी त्याच शाळेत, आत, फळ्यापुढे उभी राहणार होती. त्या घराला त्या सोमवारी काय हवे होते ते तुमच्या ध्यानात आले असेल.

मला कणगीतून काढले, पुसले, तार जोडली, विजेची पिन खोचली. पडदा काळाच राहिला. पुन्हा खोचली. काही नाही. मी आतून ओरडत होतो की माझ्यापर्यंत वीजच पोहोचत नाही, पण वीज नसताना संगणकाला तोंड कुठले?

यशोधरा मला कर्जतच्या बाजारात हिरामणकडे घेऊन गेली. हिरामण रेडिओ दुरुस्त करायचा आणि चांगले करायचा. पण 'मला येत नाही' हे तीन शब्द त्याच्या दुकानात मिळत नव्हते. त्याने मला उघडले, दोन दिवस तसेच ठेवले आणि सांगितले, "आयसी उडाली हाय. मुंबईवरनं आणावी लागंल. मिळाली तर मिळाली." मला परत बंद करताना दोन स्क्रू त्याच्याकडेच राहिले. तेव्हापासून मी चालताना लंगडतो, म्हणजे उचलला की डाव्या अंगाने उघडतो.

सोमवारची सकाळ उजाडली. यशोधरा मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. रडून झाले होते. पारूबाईने मला तिच्या हातातून घेतले, कानाशी नेले आणि नारळ हलवून बघावा तसे हलवले.

"आत काय तरी अडकलंय," ती म्हणाली. "झोडणीला कानात कुसळ शिरलं की कान असाच बंद पडतो. थांब, कोमट तेल आणते."

"आये, तेल नको!" यशोधरा किंचाळलीच. "मरंल तो!"

पण मग ती थबकली. तिने मला उन्हात तिरके धरले आणि विजेची पिन जिथे बसते त्या बारीक भोकात पाहिले. तळाशी भाताचे एक तूस होते, कुसळासकट. पिन खोचून खोचून ते पार दडपले गेले होते आणि आतली पितळेची पट्टी त्याने वाकवली होती. यशोधरेने काटा काढायचा चिमटा आणला. श्वास रोखून तूस बाहेर ओढले, मग सुईच्या टोकाने पट्टी हलकेच वर उचलली. पिन खोचली आणि पडद्यावर माझी ओळ उमटली.

पारूबाई हसतही होती आणि डोळेही पुसत होती. "मीच केलं गं हे."

"आणि तूच शोधलंस ना," यशोधरा म्हणाली. "त्या हिरामणला तरी सापडलं का?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला चांगला भाग इथे संपतो.

दुपारी शाळेत समिती बसली. अध्यक्ष आबाजी मधल्या खुर्चीवर. यशोधरेने कळंबचा चार महिन्यांचा पाऊस शाळेच्या टीव्हीच्या पडद्यावर उभा केला. कुठल्या आठवड्यात किती, ते पट्ट्यापट्ट्यांनी. श्रीपत सरांनी मान डोलावली. आबाजींनी जांभई दिली आणि विचारले, "आमचं नाव काढंल का हे?" यशोधरेने चार बटणे जास्त दाबली. इंग्रजी अक्षरांत आबाजींचे नाव पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला पळू लागले. त्यांनी ते तीनदा पळवायला लावले. पावसापेक्षा नाव मोठे, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

"मशीन राहू दे इथंच," आबाजी म्हणाले. "जागा पक्की झाली की पुना कशाला वाहून आणतेस?"

बोलणे सरळ होते. तिने मला ठेवले, टेप ठेवला, कॅसेटी ठेवल्या आणि मला चालवायच्या सगळ्या युक्त्या लिहिलेली आपली वहीसुद्धा ठेवली. कागद मात्र एकही मागितला नाही. शाळेकडून कसला कागद मागायचा?

आठ दिवसांनी पेंटर आला. आपल्याकडे कुणी शाळेला पंखा दिला, बाक दिला, पाण्याचे पिंप दिले की त्यावर नाव रंगवायची रीत आहे. रीत चांगली आहे. देणाऱ्याचे नाव राहावे. पेंटरने मला पालथे घातले आणि रंगवले, 'कै. रामभाऊ यांच्या स्मरणार्थ चिरंजीव आबाजी यांजकडून सप्रेम भेट.' रामभाऊ म्हणजे आबाजींचे वडील. रंगवता रंगवता पेंटरने भीत भीत विचारले, "दादा, मशीन तुमी आणलं?"

"तू रंगव," आबाजी म्हणाले.

चोर रात्री येतो, कडी तोडतो, असे तुम्हाला शिकवतात. माझी चोरी भर दुपारी झाली आणि चोराने पेंटरला चहा पाजला.

शिकवायची जागा धाऊला मिळाली. धाऊ हा आबाजींचा मेहुणा. तिसऱ्या खेपेला टायपिंगची परीक्षा पास झालेला. श्रीपत सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे होती. शब्द टाकतो म्हणाले होते, तो कुठे टाकला कोण जाणे.

यशोधरा आली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे आमचं हाय. माझ्या भावानं आणलेलं."

आबाजी हसले. "तुमच्या वस्तीत कुठनं येणार गं असलं मशीन? आणि नाव काय लिवलंय ते वाच की. बारावी झालीस ना?"

तिने वाचले. तिला वाचता येत होते, हाच तिथे तिचा अपराध झाला. पुढे कमळाकर रजेवर आला तेव्हा बहरीनच्या दुकानाची पावती घेऊन शाळेत गेला. पावती अरबीत होती. "हे उर्दू कोण वाचणार?" म्हणून समितीत हशा पिकला. त्याने सरकारी कचेरीतही दोन खेटे घातले. रजा संपली आणि तो गेला.

धाऊचा वर्ग सुरू झाला. तो यशोधरेची वही उघडून तिच्यातले शब्द मोठ्याने वाचायचा आणि मुले ते उतरवून घ्यायची. मला हात लावायला तो घाबरायचा. माझी ती पितळेची पट्टी अधूनमधून खाली बसायची आणि मी बंद पडायचो. मग शिपाई कळंबला जायचा. "सरांनी दोन मिनटं बोलावलंय." यशोधरा मागच्या दाराने यायची, सुईने पट्टी उचलायची आणि मागच्या दाराने परत जायची. तीनदा आली. का यायची, हे तिलाच ठाऊक. मला वाटते माझ्यासाठी यायची. चौथ्यांदा शिपाई एकटाच परत आला.

त्यानंतर माझी बडदास्त सुरू झाली. मला काचेच्या कपाटात ठेवले, कुलूप लावले, वर भरतकामाचे झाकण घातले. दसऱ्याला हार, उदबत्ती, हळदकुंकू. शाळेला पाहुणे आले की कपाटाकडे बोट जायचे. मुले काचेला नाक लावून बघायची आणि शिपाई त्यांना हाकलायचा. तीन वर्षांत एकाही मुलाचे बोट माझ्या बटणाला लागले नाही.

परवाच्या जानेवारीत शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले. मला टेबलावर मांडले आणि पाहुण्यांपुढे धाऊने पिन खोचली. पडदा काळाच. त्याने टीव्हीला चापट मारली, तार ओढली, घाम पुसला. आबाजी दातओठ खात उभे होते. गर्दीत बालवाडीची बारापंधरा पोरे घेऊन त्यांच्या बाई आल्या होत्या. त्या यशोधरा होत्या. आता त्या कळंबच्या बालवाडीत शिकवतात.

त्यांनी मला एकदाच पाहिले आणि त्यांना कळले. वेणीतली पिन काढून त्या पुढे झाल्या. हात माझ्या अंगापासून वीतभर अंतरावर आला.

"ओ बाई," धाऊ सगळ्यांदेखत ओरडला, "हात नका लावू. बिघडंल."

तो त्यांना चांगला ओळखत होता. यशोधराबाईंनी हात मागे घेतला. एका पोराने विचारले, "बाई, हे काय हाय?"

"काय नाय रे, चला," त्या म्हणाल्या आणि पोरांना घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मित्रांनो, शेवटी मी तुम्हाला 'आम्हा वस्तूंना जपा' असे सांगावे, अशी तुमची अपेक्षा असेल. नाही सांगणार. मला भरपूर जपले आहे. तुमच्या शाळेत असे एखादे कपाट असेल तर आतल्या वस्तूची काळजी करू नका. तिला चालू करणारे माणूस कुठे आहे ते विचारा, मोठ्याने विचारा, आणि त्याला आधी आत बोलवा. पुढच्या दाराने.