मावशींचा आवाज

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो. खिशात मावतो एवढासाच, पण स्वस्थ बसणं म्हणून माहीत नाही मला! माणसं गप्प झाली तरी माझे कान आपले उभेच.

चकलांब्याच्या वर्षाराणीताईंनी मला पुण्यात विकत घेतलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली ही पोर शिकत शिकत कुठच्या कुठे पोचली. जगातल्या गोरगरिबांच्या आरोग्याची धोरणं कोण ठरवतं, कशी ठरवतं, याचं त्या संशोधन करतात. त्यांच्यासोबत मी नैरोबी पाहिलं, जिनिव्हा पाहिलं. 'काय स्वच्छ आवाज टिपतो हो हा!' असं कुणी म्हटलं की मी नुसता फुगायचो.

मग ताई गावी आल्या. पारावर बायकांना काही विचारावं, तर उत्तरं पुरुषच द्यायचे. म्हणून त्या भिवराबाईंच्या, म्हणजे आपल्या सख्ख्या मावशीच्या, चुलीपाशी जाऊन बसल्या. मी शेजारी चालूच.

भाकरी थापता थापता मावशी बोलायला लागल्या. "पाळीत लई तरास व्हायचा. खाडा केला की मुकादम वरडायचा. डॉक्टर म्हनला, पिशवीच काढून टाक, कटकट न्हाई. काढली. तवापासून कंबर धड न्हाई बघ."

आईगं! ऐकून माझाच जीव गलबलला.

मावशींनी मग माझ्याकडे संशयाने बघितलं. "माझ्या योगिताची सोयरीक दिंद्रुडला जमायलीय. आय अशी हाय म्हनल्यावर लेकीत बी खोट काढत्येत लोक. कुणाला कळू देऊ नको, बाई."

"नाव-गाव काही येणार नाही, मावशी," ताईंनी शब्द दिला.

आणि त्यांनी खरंच नाव पुसलं, गाव पुसलं. संशोधनात तसा नियमच असतो. जिनिव्हाच्या भल्या मोठ्या सभेत आवाज मात्र जसाच्या तसा लावला. अहो, गावात माणूस काय नावावरून ओळखतात? नुसतं खोकलं तरी कळतं कोण ते! सभेचा व्हिडिओ मोबाइलवरून फिरत फिरत चकलांब्यात आला, तिथून दिंद्रुडला गेला. योगिताची सोयरीक मोडली.

हे कळताच ताई पुण्याहून मिळेल त्या गाडीने गावी आल्या. त्यांच्या पर्समध्ये मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

"मावशी, चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं."

"मंग कावून न्हाई इचारलं?" मावशींचे डोळे भरून आले. मग पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, "ऐकून काय केलं त्या लोकांनी?"

"उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"आन् मग?"

मावशींनी मला उचलून दोघींच्या मध्ये ठेवलं.

"चालू कर ह्याला. तवा तू इचारलंस, मी सांगितलं. आता मी इचारते. टाळ्या वाजवल्या, आन् मग?"

मित्रांनो, धुळीपाण्यापासून मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते राहू द्या. कुणी आपलं दुखणं तुमच्यापाशी सांगितलं तर ते जपा, आणि ऐकून तसेच उठून जाऊ नका. मला तर त्या दिवसापासून क्षणभर चैन नाही.

आता ताई प्रत्येक बैठकीत, मावशींना विचारून, तेवढा एक प्रश्न ऐकवतात. टाळ्या वाजत नाहीत.