सूपभर कोंडा

अवंतिका दहावी पास झाली त्या वर्षीची ही गोष्ट. पेढ्यांचा डबा अजून अर्धा भरलेला होता, आणि भानुमतीबाई तोच डबा डॉक्टर प्रणोतीपुढे सरकवत होत्या.

"घ्या जी. नातीचे आहेत. म्हणजे, माझ्या भावाच्या नातीचे."

डॉक्टरीणबाईंनी एक पेढा उचलून कागदावर ठेवला. शेजारच्या खुर्चीत भाऊराव दम खात बसले होते. त्यांच्या डाव्या फुप्फुसात गाठ निघाली होती, आणि गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आज आला होता. त्यांची मुलगी अमिता खाली औषधं घ्यायला गेली होती.

"काकाजी, तुम्ही बस चालवायचे ना?" डॉक्टर मराठी बोलत, पण ठेचकाळत.

"मंडला लाइन. सारी उमर त्याच घाटात गेली."

"मग तुम्हाला लवकर समजेल. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक जीन असतो, ब्रेकसारखा. पेशी बिघडून भलतीच वाढायला लागली की तो तिला थांबवतो. नाहीच ऐकलं तर मारून टाकतो. असे दोन ब्रेक असतात. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. तुमच्या गाठीत दोन्ही फेल आहेत."

"दोन्ही?"

"बिडीने होतात, धुराने होतात. बहुतेकांचं तसंच असतं, बिघाड फक्त गाठीत. पण तुम्ही बिडी कधी प्यायली नाही म्हणता. क्वचित एखाद्याचा एक ब्रेक जन्मापासूनच खराब असतो. मग दुसरा गेला की संपलं."

भाऊराव हसले आणि हसता हसता खोकले. "म्हणजे मी आजवर हँडब्रेकवरच गाडी हाकली म्हणा."

डॉक्टरही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "तसं असेल तर अमितादीदींना बघावं लागेल. त्यांच्या मुलीलाही. म्हणून विचारते. घरात आधी कोणाला कॅन्सर होता? कोणी कमी वयात गाठीने गेलं?"

भाऊरावांनी बहिणीकडे पाहिलं. भानुमतीबाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"याच्या घरात कोणाला नाही. याची माय चांगली म्हातारी होऊन गेली. दात पडले तरी फुटाणे चावायची."

"तुमची आई ना?"

"माझी निराळी. याची निराळी."

"म्हणजे भाऊ दत्तक?"

"तसंच समजा."

मग जन्मजात बिघाडासाठी रक्त तपासायची घाई नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. भाऊराव खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाड्या पाहत राहिले.

आपण खोटं बोललो असं भानुमतीबाईंना वाटलं नाही. भाऊराव जन्मला तेव्हा त्या कळत्या वयाच्या होत्या. त्याच्या आधीचे दोन भाऊ डोळ्यांदेखत गेले होते. एकाच्या पोटात गोळा झाला, तो पुरता चालायलाही शिकला नव्हता. थोरल्याच्या मांडीला सूज आली, ती वाढतच गेली, आणि पोर वाळत गेलं. म्हणून हा तिसरा झाला तेव्हा आईनं बाराव्या दिवशी त्याला विकला. गढा मोहल्ल्यात त्यांच्या घरासमोर चणे भाजणारी भुंजीण काकी राहायची. तिनं सूपभर कोंडा दिला, पोर पदरात घेतलं, आणि रस्ता ओलांडून आपल्या घरी नेलं. ज्याची किंमत कोंड्याइतकी, त्याच्याकडे वरचा कशाला पाहील? संध्याकाळी काकीनंच पोर परत आणलं आणि म्हणाली, "लो बहू, मेरे लड़के को दूध पिला दो."

ते तसंच राहिलं. घरात त्याला कोंड्या म्हणत. भट्टीजवळ गरम वाळूत मका फुटायचा, त्याचा वास अख्ख्या गल्लीत पसरायचा, आणि कोंड्या काकीच्या मांडीला टेकून बसलेला असायचा, तोंडाला राख लागलेला. आई दारातून हाक मारायची, "काकी, तुझ्या पोराला पाठव न जेवायला!" आणि काकी मुद्दाम उशीर करायची. "खा चुका मेरा बेटा. तुम अपना देखो." मग दोघी हसायच्या. दिवाळीचा पहिला सदरा काकीकडून यायचा. भाऊबीजेला भानुमती आधी चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बाईसारखी. मग समोरच्या घरच्या पोराला.

लग्नाआधी कोंडा परत देऊन मुलाला घरी घ्यायचं, अशी रीत. पण तेवढ्यात आई गेली. छातीत गाठ झाली होती. केस सगळे काळे होते तिचे. कोंड्याचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी सूप हातात घेतलं आणि पुन्हा भिंतीला लावून ठेवलं. कोणाची हिंमत झाली नाही.

परतताना ऑटोत अमिता म्हणाली, "आत्या, डॉक्टर बोलली खानदानी नाही म्हणून. मी तर अवंतिकाच्या काळजीनं झोपलीच नव्हती." आणि तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट मान टेकली.

दुपारी अवंतिका खो-खो खेळून आली आणि उंबऱ्यात पाय लांब करून मांडी चोळत बसली.

"काय झालं गं?"

"कुछ नहीं आजी. खिंच गया."

खेळणाऱ्या पोरीचा पाय दुखणारच. भानुमतीबाईंना तेही कळत होतं. पण थोरला असाच बसायचा, याच पायावर हात ठेवून. त्या उठून भावाच्या खोलीत गेल्या.

"कोंड्या, तुला परत घ्यावं लागते."

भाऊराव उशीला टेकून बसले होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"घे न, ताई. कधीचा वाट पाहून राहिलो."

"आतापावेतो बोलला काहून नाहीस?"

"विकलेल्या मालानं काय बोलावं?" ते हसले. "आई काकीकडून मला मागून न्यायची न, तेव्हा वाटायचं, एकदा तरी हात धरून ओढून नेईल. विचारल्याबिगर."

भानुमतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "भीती वाटते रे. आपलं म्हटलं की वरचा पाहीन."

"पाहिलं न त्यानं. छातीच्या फोटोत दिसून नाही राहिलं का? आता पोरींचं पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सूपभर कोंडा घेऊन गढ्यात गेल्या. भट्टीच्या जागी आता गॅसची शेगडी होती आणि काकीचा नातू तुळशीराम दुकानात बसत होता. त्याचेही केस पिकले होते. भानुमतीबुआच्या हातातला कोंडा पाहून तो आधी गोंधळला. मग त्यानं आजीकडून ऐकलेलं आठवलं.

"नहीं देंगे, बुआ. इतने पुराने चाचा, और भूसे के भाव?"

"दे न रे मेल्या. फार कामाचा नाही राहिला आता."

तुळशीरामनं गल्ल्यावरून हात काढला. सूप दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

तिथूनच त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर प्रणोती दुसऱ्या पेशंटला पाहत होत्या, तरी भानुमतीबाई दारातच उभ्या राहून बोलल्या.

"काल चुकीचं सांगितलं जी. भाऊराव आमचाच आहे. माझ्या आईचा. आईला छातीत गाठ होती, केस काळे असताना गेली. एक भाऊ पोटातल्या गोळ्यानं गेला, एक मांडीच्या गाठीनं. तो अन् मी, दोघंच उरलो. माझंही रक्त घ्या. त्याचं घ्या, अमिताचं घ्या."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. "बसा ना. दत्तक म्हणालात, ते मग काय होतं?"

"ते मोठं आहे सांगायला," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

रक्ताचे निकाल यायला बरेच आठवडे लागले. बिघाड भाऊरावांना जन्मापासून होता. अमितातही तो निघाला. भानुमतीबाईंमध्ये नव्हता आणि अवंतिकातही नव्हता. अमिता दर वर्षी नागपूरला तपासणीला जाते. एकदा छातीत बारीकशी गाठ सापडली. वेळेवर सापडली, म्हणून काढता आली.

भाऊराव अवंतिकाच्या दहावीच्याच वर्षी कार्तिकात, तुळशीचं लग्न झाल्यावर, एका सकाळी वारले. ते भानुमतीबाईंचे पाठचे भाऊ होते.